‘डीजीए नॉर्मल म्हणजे पीडी नाही’ हे खरं नाही

ट्रान्सफॉर्मरच्या देखभालीत असलेल्यांमध्ये एक सल्ला खूप फिरतो: "तेलाचा डीजीए नॉर्मल आला की आत पार्शल डिस्चार्ज नाही. तरीही शंका असेल तर ड्रेन व्हॉल्व्हमधून यूएचएफ सेन्सर घाला. आकडा २५० पिकोकुलोमच्या आत आला की निर्धास्त राहा." (डीजीए म्हणजे तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी. पार्शल डिस्चार्ज, म्हणजेच पीडी, म्हणजे इन्सुलेशनच्या एखाद्या लहान भागात होणारा विद्युत डिस्चार्ज. यूएचएफ सेन्सर त्यातून निघणाऱ्या रेडिओ लहरी पकडतो. पिकोकुलोम हे विद्युत चार्जचं एकक.) दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पहिली जास्त घातक, कारण तिच्यामुळे पुढची तपासणीच होत नाही.

पीडीमुळे मुख्यतः हायड्रोजन आणि थोडा मिथेन तयार होतो, इथवर बरोबर. पण तो पसरतो सगळ्या तेलात. टाकीत ८०,००० लिटर तेल असेल, तर हायड्रोजन १ पीपीएमने वाढायला ८० मिलिलिटर वायू लागतो. १०० पीपीएमने वाढायला ८ लिटर. प्रेसबोर्डमधल्या (इन्सुलेशनच्या दाबलेल्या पुठ्ठ्यातल्या) लहानशा पोकळीतला डिस्चार्ज एवढा वायू लगेच देत नाही, इन्सुलेशन मात्र रोज कुरतडत राहतो. शिवाय हायड्रोजन चटकन निसटतो. उघड्या ब्रीदरच्या (हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या) कॉन्झर्व्हेटरमधून, म्हणजे टाकीवरच्या तेलाच्या छोट्या टाकीतून, तो जातो, नमुना घेतानाही जातो. प्लास्टिकच्या बाटलीतल्या नमुन्यावरून हायड्रोजनबद्दल काहीच बोलू नये. काचेची सिरिंज आणि थ्री-वे कॉक वापरा, आणि व्हॉल्व्हमध्ये साचलेलं तेल आधी वाहू द्या. उलट बाजूही आहे: काही तेलं नुसत्या गरम होण्यानंही हायड्रोजन सोडतात. म्हणून एका रिपोर्टपेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा.

२५० पिकोकुलोम ही मर्यादा आयईसी ६००७६-३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१३ च्या आवृत्तीतली, कारखान्यातल्या चाचणीसाठी आहे. तिथे रेटेड फेज व्होल्टेजच्या १.५८ पट व्होल्टेज तासभर ठेवतात, बुशिंग टॅपवरून (टाकीतून जोडणी बाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरवरच्या मोजणीच्या टोकावरून) मोजतात आणि त्याआधी कॅलिब्रेटरनं ठरावीक चार्ज सोडून मोजणी जुळवून घेतात. यूएचएफ सेन्सर ३०० मेगाहर्ट्झ ते ३ गिगाहर्ट्झमधल्या लहरी पकडतो. सिग्नलची उंची अंतरावर आणि मध्ये वाइंडिंग (तारेची गुंडाळी) आहे की नाही यावर ठरते. तिचं पिकोकुलोममध्ये कॅलिब्रेशन होत नाही.

यूएचएफचा खरा उपयोग सिग्नलची ठेवण (पॅटर्न) ओळखायला. पोकळीतला डिस्चार्ज व्होल्टेज चढत असताना, १८० अंशांच्या अंतरानं दोन पुंजके दाखवतो. बाहेरून येणारा मोबाइलचा सिग्नल ५० हर्ट्झच्या फेजशी बांधलेला नसतो, म्हणून वेगळा ओळखता येतो. (बटरफ्लाय व्हॉल्व्हमधून प्रोब जात नाही, सरळ आरपार गेट व्हॉल्व्ह लागतो. आत ढकलण्याआधी हवा पूर्ण काढा, नाहीतर तो बुडबुडाच पीडी करेल.)

जागा शोधायला टाकीवर १५० किलोहर्ट्झच्या आसपासचे अकूस्टिक (ध्वनीचे) सेन्सर लावा आणि यूएचएफवर ट्रिगर घ्या, म्हणजे यूएचएफ सिग्नल आला त्या क्षणापासून आवाज पोचायला लागलेला वेळ मोजा. तेलात ध्वनी सेकंदाला साधारण १,४०० मीटर जातो, म्हणजे १ मिलिसेकंद उशीर म्हणजे १.४ मीटर, गरम तेलात थोडं कमी. पोलादी भिंतीतून आलेली लहर आधी पोचून फसवते, म्हणून सेन्सर हलवून पुन्हा मोजा.

बुशिंग टॅप उघडला असेल, तर ट्रान्सफॉर्मरला पुन्हा व्होल्टेज देण्याआधी कॅप बसवून टॅप टाकीशी जोडला गेला आहे का, हे मीटरनं तपासा. टॅप अर्थ न होता राहिला तर त्यावर मोठं व्होल्टेज चढतं आणि बुशिंगच फुटू शकतं.