बर्फाच्या डब्यातून गेलेलं रक्त आणि ‘निगेटिव्ह’ रिपोर्ट

नमस्कार,

हिपॅटायटिस सीमुळे पायांची आग होऊ शकते, या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे. हिपॅटायटिस सी लिव्हरचा आजार, पायाची आग त्याला चिकटवून लोकांना घाबरवू नका, भावाचं क्रायोग्लोब्युलिन (गारव्यात साका धरणारी रक्तातली प्रथिनं) निगेटिव्ह आणि एनसीव्ही (नसांतून संदेश किती वेगाने जातो ती तपासणी) नॉर्मल आलंय, असं तुमचं म्हणणं.

आधी माझी चूक कबूल. पायांची आग होत असेल तर साखर, बी-१२ आणि दारू हे पहिल्यांदा तपासायचं असतं. ते मी एका ओळीत उरकलं.

पण त्या निगेटिव्हवर माझा भरवसा नाही. हा विषाणू अँटीबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना वर्षानुवर्षं डिवचत राहतो आणि त्यातून ही गारव्यात साका धरणारी प्रथिनं तयार होतात. नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्यांना त्यांच्यामुळे सूज येते, नस उपाशी पडते. हीच प्रथिनं नळीतही गार झाली की खाली बसतात. म्हणून सिरिंज आणि नळी आधीच कोमट हवी, आणि सीरम वेगळं होईपर्यंत रक्त ३७ अंशांवरच राहायला हवं. त्यानंतर सीरम ४ अंशांवर ठेवून सात दिवसांपर्यंत साका बघतात. गडहिंग्लजला रक्त काढलं, नेहमीसारखं बर्फाच्या डब्यात घातलं आणि कोल्हापूरवरून पुढे पाठवलं, तर प्रथिनं गुठळीबरोबरच टाकून दिली जातात! लॅबला विचारा, नमुना गरम ठेवला होता का. नसेल तर थेट लॅबमध्ये जाऊन पुन्हा द्या. सोबत सी-४ (रोगप्रतिकार यंत्रणेतलं एक प्रथिन) आणि आरए फॅक्टर (एक अँटीबॉडी) या रक्ततपासण्या करा. पहिलं फार कमी आणि दुसरं पॉझिटिव्ह असेल, पोटऱ्यांवर जांभळे ठिपके असतील, तर संशय कायम.

एनसीव्ही जाड तंतू मोजतं. आग बारीक तंतूंची असते, ती तिथे दिसत नाही. चालताना पायताण निसटून मागे राहिलं तरी कळत नाही, इथवर गोष्ट आली असेल तर मात्र दिसेल.

स्नायूंचं थोडक्यात. थकवा वेगळा आणि मांडी घालून बसल्यावर उठताच न येणं वेगळं. दुसरं असेल तर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी, करा. लिव्हरच्या तपासणीतले एसजीओटी-एसजीपीटी स्नायूंतूनही वाढतात, सगळं लिव्हरच्या माथी मारू नका. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

खरी काळजी वाटली ती तुम्ही सहज लिहिलेल्या ओळीची: आगीसाठी कार्बामाझेपिन चालू आहे. सोफोसबुव्हिर ४०० आणि वेल्पाटासविर १०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी, साधारण १२ आठवडे, हा हिपॅटायटिस सीचा नेहमीचा कोर्स. कार्बामाझेपिनमुळे या दोन्हींची रक्तातली पातळी घसरते आणि विषाणू तग धरू शकतो. मनाने बंद करू नका, पण कोर्सआधी डॉक्टरांकडून बदलून घ्या. गॅबापेंटिन चालतं, मात्र डोस क्रिएटिनिन बघून. हा आजार किडनीलाही धरतो. हिपॅटायटिस बी-ची तपासणीही आधीच हवी, नाहीतर सी जाताना बी डोकं वर काढू शकतो.

२०१८पासून राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ही औषधं मोफत आहेत. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात चौकशी करा. कोर्स संपल्यावर १२ आठवड्यांनी आरएनए (रक्तात विषाणू उरलाय का ते दाखवणारी तपासणी) तपासायचं, अँटीबॉडी नव्हे. ती बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते. विषाणू गेला तरी नस महिनोन्‌महिने घेते, कधी पूर्ण भरत नाही. आणि एखादं पाऊल अचानक लोंबायला लागलं तर या कोर्सच्या भरवशावर थांबू नका, त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा.