फीत कापून झाली की दिवे मालवायचे?

गेल्या महिन्यात जळगावात भरलेल्या एका चित्रप्रदर्शनाला मी माझ्या भाच्याला घेऊन गेलो होतो, आणि त्या दिवशीचा संताप अजून माझ्या मनातून उतरलेला नाही. भाचा चाळीसगावला नववीत शिकतो. चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा तो पास झाला असून यंदा इंटरमिजिएटला बसणार आहे. दहावीत वाढीव गुण मिळतात म्हणून पुष्कळ मुले या परीक्षा देतात. हा मुलगा मात्र दप्तरात कायम चित्रकलेची वही ठेवतो आणि रेल्वेच्या डब्यात समोरच्या बाकावर झोपलेल्या माणसाचे पाय रेखाटत बसतो. जिल्ह्यातील कलाशिक्षकांची आणि तरुण चित्रकारांची चित्रे एका ठिकाणी पाहायला मिळतील असे मी त्याला सांगितले, तेव्हा तो सकाळच्या गाडीने एकटा जळगावला आला.

पत्रिकेवर उद्घाटनाची वेळ साडेदहाची होती. आम्ही सव्वादहाला पोहोचलो, तर दालनाच्या दारात लाल फीत बांधलेली आणि आत जाण्यास मनाई. उद्घाटक असलेले लोकप्रतिनिधी आल्याशिवाय कोणालाही आत सोडायचे नाही, असे तेथील कार्यकर्त्याने सांगितले. साडेअकरा झाले, बारा झाले. बाहेरच्या मंडपात खुर्च्यांवर बसलेल्या शाळकरी मुलींना तहान लागली होती, परंतु पाण्याच्या बाटल्या व्यासपीठावरच्या टेबलासाठी राखून ठेवल्या होत्या. भाचा तीन वेळा उठून दारापर्यंत गेला, फितीवरून वाकून आत पाहून आला, आणि शेवटी त्याने मला हळूच अहिराणीत विचारले, "मामा, चित्रं कव्हय देखसूत?" म्हणजे चित्रे कधी पाहायची? माझ्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर नव्हते.

एक वाजून गेल्यावर गाड्यांचा ताफा आला. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, आणि त्यानंतर शाल-श्रीफळ देऊन सत्कार. व्यासपीठावर अकरा जण बसले होते. त्या अकरांत एकही चित्रकार नव्हता. ज्यांची चित्रे आत टांगलेली होती ते शिक्षक मंडपाच्या मागच्या बाजूला उभे होते, कारण पुढच्या खुर्च्या कार्यकर्त्यांनी भरल्या होत्या. भाषण चाळीस मिनिटे चालले. त्यात विरोधकांचा समाचार होता, निधीचे आकडे होते, येणाऱ्या निवडणुकीचा इशारा होता. चित्रांविषयी एकच वाक्य होते, ते म्हणजे आपल्या भागात कलागुणांची कमतरता नाही. हे वाक्य चित्रे न पाहता म्हटलेले होते, कारण फीत तोवर कापलीच गेली नव्हती.

फीत कापल्यावर जे झाले त्याने तर माझे डोके उठले. गर्दीचा लोंढा एका दमात आत शिरला आणि पत्रकारांनी दालनाच्या मध्यभागीच लोकप्रतिनिधींना गाठले. शिवसेना २०२२ मध्ये फुटली, राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली, आणि तेव्हापासून आमच्या भागातील प्रत्येक बाइट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरची छोटी मुलाखत, एकाच प्रश्नाने सुरू होतो की कोण कुठे जाणार. चित्रप्रदर्शनातही तोच प्रश्न विचारला गेला. (प्रश्न राजकारणाचेच विचारायचे होते, तर तापीवरचे पाडळसे धरण दशकानुदशके का रखडले आहे हे तरी एखाद्याने विचारावे, तेही कोणी विचारले नाही.) बूम माइक पुढे करण्यासाठी मागे सरकताना एकाची पाठ एका जलरंगातील चित्रावर टेकली आणि चौकट तिरपी झाली. त्या चित्रात एक म्हातारी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजत होती; धुराचा पांढरा भाग रंग न लावता नुसता कागद कोरा सोडून साधलेला होता, आणि भाचा ते पाहत असतानाच त्याच्या आणि चित्राच्या मध्ये तो माणूस येऊन उभा राहिला. शेजारी मातीचा एक पोळ्याचा बैल होता. त्याच्या पाटावर कोणीतरी अर्धा भरलेला चहाचा कागदी कप ठेवून दिला. पांढरा शर्ट घातलेले एक वयस्कर कलाशिक्षक गर्दीतून वाट काढत आले, त्यांनी तो कप उचलला, खिशातील रुमालाने पाटावर सांडलेला चहा टिपला, तिरपी चौकट सरळ केली आणि कोणालाही एक शब्द न बोलता पुन्हा भिंतीशी जाऊन उभे राहिले. त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला बरे वाटले असते. अशा वागणुकीची त्यांना इतकी सवय झालेली असावी, याचाच मला जास्त राग आला.

दहा मिनिटांत ताफा निघून गेला. त्याच्यामागे गर्दी गेली, कॅमेरे गेले, आणि आता कुठे निवांतपणे चित्रे पाहता येतील म्हणून आम्ही पहिल्या भिंतीपासून सुरुवात केली, तोच दालनातील दिवे बंद झाले. मी बाहेर जाऊन विचारले, तेव्हा आयोजकांपैकी एका गृहस्थांनी, "कार्यक्रम संपला ना दादा," असे उत्तर दिले. प्रदर्शन तीन दिवसांचे होते! पत्रिकेवर तसे छापलेले होते. मी वाद घातला, आवाज चढवला, तरी किल्ली ज्याच्याकडे आहे तो माणूस जेवायला गेला आहे, दिवे आता चारनंतर लागतील, असे सांगण्यात आले. भाच्याची परतीची गाडी त्याआधीची होती. त्या मुलाने माझा मोबाइल मागून घेतला, त्याची बॅटरी लावली आणि अंधाऱ्या दालनात एकेका चित्रावर उजेड पाडत जितकी चित्रे पाहता आली तितकी पाहिली. काचेवर उजेडाचा ठिपका पडला की तो हात तिरपा करायचा, वाकायचा, पुन्हा पाहायचा.

हे त्याच चाळीसगावचे पोर आहे जिथे केकी मूस राहिले. १९१२ साली जन्मलेला आणि विलायतेत कला शिकून आलेला हा माणूस रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या घरात अनेक दशके जवळजवळ कोंडून घेतल्यासारखा राहिला, १९८९ मध्ये तिथेच गेला, आणि टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांतून अख्खे निसर्गदृश्य उभे करणारी छायाचित्रे मागे ठेवून गेला. ते घर मी भाच्याला दोन वर्षांपूर्वी दाखवले होते. तिथे आम्हाला कोणी अडवले नाही, कोणाची वाट पाहावी लागली नाही, आणि एका छायाचित्रापुढे तो इतका वेळ उभा राहिला की मलाच त्याला हाक मारावी लागली. जळगावहून निघालेला माणूस तास-दीड तासात अजिंठ्याच्या लेण्यांत उभा राहतो. देशोदेशीचे लोक जळगावच्या स्टेशनावर उतरून तिकडे जातात, आणि आमच्याच गावात मात्र सार्वजनिक जीवनातील माणसे उठता-बसता सांगतात की इकडे लोकांना कलेची आवड नाही. आवड कशी नाही? साडेतीन तास ताटकळत बसलेल्या त्या मुली काय भाषण ऐकायला आल्या होत्या?

राजकारणी माणसाने कलेच्या दारात येऊच नये, असे माझे म्हणणे नाही. आमच्याच जिल्ह्यातील फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे अधिवेशन भरले, खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, आणि तिथली सजावट करण्यासाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस आले. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे त्यांनी बांबूसारख्या खेड्यात मिळणाऱ्या साहित्यातून ती सजावट उभी केली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. इतक्या मोठ्या राजकीय मेळाव्यातही चित्रकाराला कामासाठी मानाने बोलावले गेले, आणि आज जवळजवळ नव्वद वर्षांनीही फैजपूरचे नाव घेताना नंदलाल बोस यांचे नाव सोबत घेतले जाते. आमच्याकडच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत प्रमुख उपस्थितीची नावे ठळक अक्षरांत होती आणि चित्रकारांविषयी "जिल्ह्यातील मान्यवर कलावंत" एवढे तीन शब्द होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र उघडले. स्थानिक पानावर चार कॉलमी छायाचित्र होते. अकराही जण कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे, आणि चित्रे त्यांच्या पाठीमागे. खाली अकराही नावे हुद्द्यांसह व्यवस्थित छापलेली. बातमीचा मथळा विरोधकांवर केलेल्या टीकेचा होता. प्रदर्शनात किती चित्रे आहेत, कोणाची आहेत, कोणत्या माध्यमातील आहेत, ते किती दिवस आणि किती वाजेपर्यंत खुले आहे, यांपैकी एक अक्षर नव्हते. ही बातमी वाचून एखाद्याला तिथे जावेसे वाटले असते तरी कुठे व केव्हा जायचे हे त्याला कळले नसते. मी कार्यालयात फोन केला. बातमी प्रसिद्धिपत्रकावरून घेतली आणि त्यात चित्रकारांची नावे नव्हती, असे मला सांगण्यात आले. म्हणजे बातमीदार दालनात उभा होता, चित्रे त्याच्या हाताच्या अंतरावर होती, प्रत्येक चौकटीखाली नावाची चिठ्ठी होती, आणि तरीही बातमी बाहेरून आलेल्या कागदावरून लिहिली गेली! २००९ च्या निवडणुकांनंतर पेड न्यूज, म्हणजे पैसे घेऊन छापलेली बातमी, हा शब्द गावोगावी पोहोचला, प्रेस कौन्सिलने त्यावर २०१० मध्ये चर्चा आणि अहवाल केला, तेव्हा आम्हा वाचकांना वाटले होते की आता काही लाज राहील. आता तर पैसेही मोजावे लागत नाहीत, नेत्याने नुसते येऊन उभे राहिले की पान त्याचे होते. वाढदिवसाच्या पुरवण्यांना पानेच्या पाने मिळतात आणि सत्तावीस चित्रकारांच्या नावांना दोन ओळी मिळत नाहीत. त्या नावांना किती जागा लागली असती हे मी मोजून पाहिले आहे. फोटोखालच्या ओळींपेक्षा ती कमी भरते.

सत्तावीस हा आकडा मला कळला तो तिसऱ्या दिवशी. दुपारी कामावरून थोडी सुटी काढून मी पुन्हा गेलो, तेव्हा दिवे लागलेले होते आणि दालनात पांढऱ्या शर्टाचे ते कलाशिक्षक एकटेच होते. दोन दिवसांत किती लोक आले, असे मी विचारले. ते म्हणाले, "आले पंधरा-वीस. लोकांना माहीतच नाही हो." म्हातारीच्या चित्राचे कर्ते तेच होते. धुरासाठी कागद कोरा कसा सोडला हे त्यांनी मला समजावून सांगितले, आणि अंधारात चित्रे पाहणाऱ्या मुलाची गोष्ट मी सांगितल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर सगळ्या चित्रकारांची नावे, गावे आणि चित्रांची शीर्षके स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. एरंडोल, धरणगाव, यावल, पारोळा, कुठून कुठून आलेली माणसे होती ती.

ती यादी मी माझ्या पत्रासह वर्तमानपत्राच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिली आणि पोच घेतली. आज अकरावा दिवस आहे. यादी छापून आलेली नाही, आणि भाचा दर रविवारी फोनवर विचारतो की मामा, त्या सरांचे नाव आले का.