तेल लागल्याने टायमिंग बेल्ट टिकत नाही, कुजतो

काल रात्री मामाने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "बघ, उगाच गाडी उघडायला लावत होतास." दोन आठवडे मी त्याच्या मागे लागलोय: टायमिंग बेल्ट (क्रँकच्या फिरण्याशी इंजिनातल्या व्हॉल्व्हची, म्हणजे झडपांची, उघडझाप जुळवून ठेवणारा दातेरी पट्टा) सात वर्षांचा झालाय, क्रँकचं, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं ऑइल सील (तेल अडवणारी रबरी कडी) गळतंय, दोन्ही एकदमच बदलून घे. आणि आता तो या मेसेजवर विसंबून निवांत बसलाय.

मेसेजचं म्हणणं असं: बेल्ट बदलणं ही गॅरेजवाल्यांची लूट आहे. तुटण्याआधी बेल्ट आवाज देतोच. तुटला तरी गाडी नुसती बंद पडते. सील गळत असेल तर गळती थांबवणारं लिक्विड इंजिन ऑइलमध्ये ओता. आणि गळणारं ऑइल बेल्टला लागलं तर उत्तमच, रबर मऊ राहतं.

हे शेवटचं वाचून माझं डोकंच फिरलं. साधा टायमिंग बेल्ट कोरडा चालण्यासाठी बनवलेला असतो. ऑइल मुरलं की रबर फुगतं, दात मऊ पडतात आणि आतल्या काचतंतूंच्या दोऱ्यांपासून सुटायला लागतात. मामाच्या गाडीचं वरचं कव्हर मी स्वतः काढून पाहिलंय. बेल्टची कड ओली, चकचकीत काळी. दाताच्या बुडाशी नख दाबलं तर खूण उमटली आणि बोटाला काळं लागलं. हा मऊपणा चांगला? क्रँकच्या पुलीवर दोन-तीन दात झडले की बेल्ट न तुटताही टायमिंग उडतं, म्हणजे व्हॉल्व्ह भलत्याच वेळी उघडतात.

"काही इंजिनांत बेल्ट तेलातच फिरतो" असंही त्यात लिहिलंय. हो, फिरतो. त्याचं रबर वेगळं असतं आणि ऑइलही कंपनीने सांगितलेलंच लागतं. तरी प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेक इंजिनात त्याच बेल्टचा भुगा ऑइल पंपाच्या जाळीत अडकल्याच्या तक्रारी जगजाहीर आहेत. तेलासाठी बनवलेल्या बेल्टची ही गत, तर कोरड्याचं काय होईल?

"नुसती बंद पडते" हे वाक्यही तितकंच घातक. इंजिन ३००० आरपीएमवर असताना प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो. बेल्ट तुटला की कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि खालून पिस्टन येऊन त्यांच्यावर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, ते ज्यात बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, हेड, उतरवावा लागतो. काही इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये पुरेशी जागा असते, तिथे असं होत नाही, हे मान्य. पण आपलं इंजिन त्यातलं आहे का, हे मेसेज पाठवणाऱ्याला कुठून कळलं?

आवाज येतो तो बहुतेकदा बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरच्या किंवा वॉटर पंपाच्या बेअरिंगचा. बेल्ट स्वतः गुपचूप तुटू शकतो.

लुटीचं म्हणाल, तर गाडीचं मॅन्युअल उघडा. मामाच्या मॅन्युअलात बेल्टसमोर किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलीत, जे आधी भरेल ते. हे गॅरेजवाल्याने लिहिलेलं नाही, गाडी बनवणाऱ्याने लिहिलंय. बेल्टऐवजी चेन असलेल्या इंजिनाला कोणी टायमिंग बेल्ट बदलायला सांगत असेल, तर ती मात्र लूटच.

लिक्विडचं अर्धं खरं आहे. कडक झालेली सीलची कड त्याने थोडी फुगते, पाझर कधी कधी कमी होतो. पण कड फाटली असेल किंवा शाफ्टवर खाच पडली असेल, तर बाटल्या ओतून काही होत नाही. क्रँककेसचा वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला असेल तर नवं सीलसुद्धा गळेल, म्हणून आधी तो तपासायचा.

मामा, शनिवारी मी येतोय. बेल्ट, टेन्शनर, क्रँक-कॅमची सीलं, आणि त्याच बेल्टवर फिरतो म्हणून वॉटर पंपही. सगळं बसवून क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवू, पुलींवरच्या टायमिंगच्या खुणा परत जुळल्या तरच स्टार्टर मारू. तोवर गाडी काढू नकोस.