हात हलवायला पीएचडी कशाला लागते म्हणे!

दुपारपासून डोकं तापलंय. लिहून मोकळी होते. ज्याला राग यायचा त्याला येऊ दे.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट झाली, हे तुम्हाला माहीत आहे. आज सगळे जमलो होतो, तिथे तिने सांगितलं की तिला क्लिनिक काढायचं नाहीये, संशोधन करायचंय. मेंदू हालचाल कशी घडवून आणतो आणि पक्षाघातात ती गेली तर परत कशी आणायची, असा विषय. त्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ (नाव घेत नाही, ते ही पोस्ट वाचणारच आहेत) म्हणाले, "हात हलवायला पीएचडी कशाला लागते? हात वर करा, हात खाली करा. झालं की!"

सगळे हसले. तीही हसली बिचारी, आणि तेच मला जास्त लागलं. मला हसू येईना, कारण मला तो पट्टा आठवत होता.

पट्ट्याची गोष्ट तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. बाबांची उजवी बाजू गेली, त्यानंतर घरी एक मुलगी थेरपीला यायची. पंचविशीची असेल. तिने बाबांना खुर्चीत बसवलं, समोर टेबल ओढलं आणि विचारलं, "काका, घरातली कुठली वस्तू तुम्हाला परत या हातात धरायचीय?" बाबांची जीभ तेव्हा जड होती. बराच वेळ घेऊन म्हणाले, "किल्ली." दाराची. मी मान खाली घातली. का ते पुढे सांगते.

तिने किल्ली टेबलावर हाताच्या टप्प्यात ठेवली. बाबांनी खांदा उचलला, अख्खं अंग पुढे लोटलं आणि बोटं किल्लीला टेकवली. मी टाळ्या पिटल्या! डोळ्यांत पाणी वगैरे. ती मात्र म्हणाली, "ताई, किल्लीपर्यंत हात नाही पोचला. पाठ पोचली."

आणि तिने पिशवीतून रुंद पट्टा काढून बाबांना छातीवरून खुर्चीच्या पाठीला बांधलं.

मी काय काय बोलले असेन तिला! "माणूस आहे, सामान नाही," इथपर्यंत गेले. तिने ऐकून घेतलं आणि बाबांना म्हणाली, "काका, आता न्या पुढे." हात टेबलावरून घसटत निघाला. किल्लीच्या वीतभर अलीकडेच थांबला. पण कोपर उघडलं होतं. महिनोन् महिने पोटाशी दुमडलेलं कोपर त्या दिवशी उघडलं.

आता तो पट्टा कुठून आला ते ऐका. तुम्ही आत्ता समोरचा मोबाइल उचलून बघा. हाताच्या टप्प्यात असेल तर पाठ जागची हलतसुद्धा नाही. पक्षाघात झालेला माणूस तीच वस्तू घ्यायला धड पुढे लोटतो, कारण खांदा आणि कोपर एकमेकांचं ऐकेनासे झालेले असतात. हे नुसतं बघून 'बरोबर आहे' म्हणणारे आपण सगळे. मिंडी लेविन नावाच्या बाई ते मोजत बसल्या. मूळच्या फिजिओथेरपिस्ट, पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात शास्त्रज्ञ. २००० साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी बाईंनी रुग्णांचा हात, कोपर, खांदा, धड यांपैकी कोण किती आणि कधी सरकतं ते सगळं मोजून मांडलं. मग प्रश्न आला, की धड धरून ठेवलं तर काय होईल? तर कोपर जास्त उघडतं! म्हणजे क्षमता आत होती, पाठ पटकन मदतीला धावायची म्हणून ती वापरली जात नव्हती. (हात फारच गेला असेल तर पाठीची मदत घ्यावीच लागते. पट्टा सगळ्यांसाठी नसतो. मान्य.)

म्हणजे मी ज्या पट्ट्यावरून त्या पोरीला घालूनपाडून बोलले, त्यामागे कुणीतरी आयुष्याची बरीच वर्षं घातली होती. ती बिचारी तेही मिरवत नव्हती.

आणि 'हात वर करा, हात खाली करा'वाल्यांनो, हात वर होणं म्हणजे काय असतं कल्पना आहे? १९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नश्टाइन नावाचा माणूस होता. त्याने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांना बारीक दिवे लावून फोटो काढले. मुरलेले कामगार, तोच घाव हजारो वेळा घातलेले. हातोड्याचं टोक दर वेळी जवळपास त्याच जागी पडत होतं, पण खांदा, कोपर, मनगट दर वेळी थोडं वेगळ्या वाटेने जात होतं. सगळ्यात सराईत हातसुद्धा एकच हालचाल दोनदा करत नाही! मेंदू पाठ केलेलं म्हणून दाखवत नाही, तो दर वेळी गणित नव्याने सोडवतो. खांद्यापासून मनगटापर्यंतच सात प्रकारे वळायची सोय आहे, बोटं वेगळीच. त्यामुळे किल्ली उचलायचे रस्ते मोजता येणार नाहीत इतके. त्यातला एक क्षणात निवडला जातो आणि आपल्याला वाटतं, हात हलला, त्यात काय.

या बर्नश्टाइनला १९४८ साली स्टालिन पुरस्कार मिळाला आणि दोन-तीन वर्षांत, तिथल्या सरकारला प्रमाण वाटणाऱ्या पाव्हलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या मताविरुद्ध जातो म्हणून, प्रयोगशाळाच हातातून गेली. १९६६ साली तो वारला. इंग्रजीत त्याचं पुस्तक आलं १९६७ साली. असो.

त्याच सुमाराला, त्याच मॉस्कोत, अनातोल फेल्डमन नावाच्या तरुणाने एक कल्पना मांडली. ढोबळ सांगते, जाणकारांनी सांभाळून घ्या. मेंदू स्नायूला 'एवढा जोर लाव' असं सांगत नाही. स्नायू किती ताणला गेला की त्याने जोर धरायला लागायचं, तो उंबरठा मेंदू ठरवतो. उंबरठा सरकवला की हात आपोआप नव्या जागी जाऊन स्थिरावतो. पुढे हे फेल्डमन मॉन्ट्रियलला गेले आणि लेविनबाईंबरोबर त्यांनी हीच कल्पना रुग्णांवर तपासली. पक्षाघातानंतर तो उंबरठा हवा तसा सरकेनासा होतो, म्हणून कोपर उघडायला गेलं की अर्ध्या वाटेत स्नायू अडून बसतो. बाबांचा हात सरळ करताना मधेच 'टच्' करून अडायचा. मला वाटायचं, हट्ट करतायत. एकदा तर बोललेही, "बाबा, जरा सैल सोडा ना!" जसं काही ते मुद्दाम धरून बसले होते.

या सिद्धांतावरून शास्त्रज्ञांत अजून वाद आहेत. असतील. वाद घालायलाही आधी कुणी चाळीस वर्षं खपावं लागतं.

आता किल्लीचं सांगते. हे लिहायला जड जातंय.

दवाखान्यातून घरी आल्यावर सुरुवातीला बाबा दारात उभे राहून उजव्या हातानेच कुलूप उघडायची खटपट करायचे. किल्ली पडायची. परत उचलायचे, परत पडायची. आणि मी मागून हात घालून किल्ली काढून घ्यायचे. "द्या इकडे बाबा, उशीर होतोय." रोज! प्रेमानेच हो. थोड्या दिवसांनी त्यांनी किल्ली मागणंच सोडलं. मला वाटलं, बरं झालं, स्वीकारलं त्यांनी.

एडवर्ड टाउब नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने याला नाव दिलंय, 'लर्न्ड नॉनयूज', म्हणजे न वापरायची शिकलेली सवय. सुरुवातीला हात चालत नाही, प्रयत्न फसतात, दुसऱ्या हाताने भागतं आणि मेंदू 'हा हात वापरायचा नसतो' हेच शिकून बसतो. नंतर थोडी ताकद परत आली तरी तो हात पडूनच राहतो. उपाय काय, तर चांगल्या हातावर जाड मोजा चढवायचा आणि दुबळ्याकडून काम करून घ्यायचं. २००६ साली २२२ रुग्णांवरच्या चाचणीत, ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी हालचाल शिल्लक होती त्यांना दोन आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा दिसला. टाउबने हे आधी माकडांवर तपासलं होतं. त्यांच्या हालांवरून १९८१ साली पोलिसांनी त्याच्या प्रयोगशाळेतून १७ माकडं उचलून नेली होती, त्या माकडांबद्दल वाचलं तेव्हा मला दोन रात्री नीट झोप नव्हती. ते मी झाकणार नाही. पण बाबांच्या हाताला 'तू नको' हे शिकवायला कुठल्याही प्रयोगशाळेची गरज पडली नाही. ती मीच होते.

...

चहा पिऊन आले. राग जरा उतरला. पण मुद्दा सोडत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं संशोधन झालं, मग सगळे रुग्ण बरे का होत नाहीत? नाही होत. २०१९ साली ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर चाचणी झाली, हाताच्या व्यायामासाठी रोबोट वापरला. हात वापरता येण्यात, नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा काही फरक पडला नाही. पडला नाही तर नाही. निदान कुणीतरी खरं सांगितलं, नाहीतर आपण घरदार विकून रोबोटच्या मागे लागलो असतो. आणि २०१५ सालचं तर याहून भारी. पक्षाघातानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला उठवून भरपूर हालचाल करायला लावली तर उत्तम, असं कुणालाही वाटेल. २,१०४ रुग्णांवर करून पाहिलं तर तीन महिन्यांनी त्यांची अवस्था नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा थोडी वाईटच निघाली! हात वर करा, हात खाली करा म्हणे. कधी, किती, कशाला धरून, कुणी?

आणि ही माणसं कशी काम करतात बघा. २००९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात काही संशोधक थेरपीची ३१२ सत्रं बघत नुसतं मोजत बसले, की रुग्णाकडून हाताच्या कामाच्या हालचाली किती वेळा होतात. जिथे अशा हालचाली झाल्या, तिथेही एका सत्रात सरासरी ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगात हेच शेकड्यांनी असतं. मोजेपर्यंत सगळे म्हणत होते, थेरपी चालू आहे ना, मग झालं.

काकांचं (बघा, आलं तोंडातून) एक म्हणणं बरोबर आहे. क्लिनिक काढलं तर पैसा लवकर दिसेल. भाचीची पाच-सात वर्षं अशीच जातील, त्यानंतरही लोक विचारतील, "पण तू नक्की करतेस काय?" आणि ती सांगेल, की माणूस वस्तूकडे हात कसा नेतो ते बघते. परत हशा.

बाबांच्या हाताचं म्हणाल, तर कोपर आता बऱ्यापैकी उघडतं. अंगठा आणि बोटाच्या कडेत किल्ली धरता येते, वळवता येत नाही. मनगट फिरतच नाही. पट्ट्याच्या वेळी मी आशा लावून बसले होते तितकं काही आलं नाही.

संध्याकाळी घरी परतलो तेव्हा भाची बरोबर होती. बाबांनी उजव्या हाताने किल्ली काढली. एकदा पडली. ती उचलायला मी वाकले तर भाचीने माझं मनगट धरलं. बाबांनी स्वतः उचलली, भोकात घातली, वळेना, मग डाव्या हाताने वळवली. ती सगळा वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होती. मी घड्याळाकडे बघितलं नाही.

खोटं. दोनदा बघितलं.