‘पीस टॉक्स’वरच्या आपल्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या दुकानातून आपण जिम बुचरच्या ‘ड्रेस्डेन फाइल्स’ या इंग्रजी कादंबरी-मालिकेतलं ‘पीस टॉक्स’ नेलंत आणि दोन तारे देऊन तीन तक्रारी लिहिल्यात. गोष्ट ऐन रंगात आल्यावर पुस्तक संपतं आणि पुढच्या भागाचे वेगळे पैसे मोजावे लागतात, ही लूट आहे. कप्प्याला लावलेल्या वाचकांच्या चिठ्ठ्या म्हणजे दुकानाचीच जाहिरात. आणि वाचलेलं पुस्तक आम्ही परत घेतलं नाही.

पुस्तक अर्धवट वाटतं, हे आपलं म्हणणं अगदी खरं आहे. ‘पीस टॉक्स’ आणि ‘बॅटल ग्राउंड’ ही मुळात एकच कादंबरी. लिहिता लिहिता ती फार वाढली, म्हणून तिचे दोन भाग झाले. २०२० साली पहिला जुलैत आला, दुसरा सप्टेंबरात. त्याआधीचं ‘स्किन गेम’ २०१४ मधलं, म्हणजे सहा वर्षं वाट पाहिलेल्या जुन्या वाचकांच्या हातीसुद्धा आधी निम्मीच गोष्ट पडली. त्यांच्यातलेही कितीतरी जण आपल्याइतकेच नाराज झाले होते.

तरी लूट हा शब्द मला पटत नाही. आपली खरी अडचण वेगळी आहे असं मला वाटतं. हा मालिकेतला सोळावा भाग आहे. आपल्याकडे रहस्यकथा कुठूनही उचलून वाचायची सवय आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार कुठल्याही पुस्तकात भेटला तरी ओळख व्हायला वेळ लागत नसे. ‘ड्रेस्डेन फाइल्स’चे सुरुवातीचे भागही बरेचसे तसेच आहेत. २००० सालच्या ‘स्टॉर्म फ्रंट’मध्ये शिकागोतला हॅरी ड्रेस्डेन हा खासगी गुप्तहेर भेटतो. तो मांत्रिकही आहे, आणि पोलिसांना न उलगडणारी प्रकरणं त्याच्याकडे येतात. प्रकरण सुटतं, पुस्तक संपतं. पण २०१० च्या ‘चेंजेस’मध्ये, म्हणजे बाराव्या भागात, लेखकाने हॅरीचं सगळं आयुष्यच उलथून टाकलं. तिथून पुढे मागचं ठाऊक नसलेल्या वाचकाचा निभाव लागणं कठीण. ‘पीस टॉक्स’मध्ये हॅरीचा जीव भावासाठी तुटतो. तो भाऊ आपल्याला त्याच पुस्तकात पहिल्यांदा भेटला असेल, तर ती तळमळ आपल्यापर्यंत पोचणार कशी? म्हणूनच कप्प्याच्या पट्टीवर प्रत्येक भागाचा क्रमांक ठळक लिहिलेला असतो.

आता चिठ्ठ्या. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला. त्या चिठ्ठ्या दुकानातलं कुणीही लिहीत नाही. याच पुस्तकाखालच्या एका चिठ्ठीत म्हटलंय की यात तपास नावालाच आहे, सगळं राजकारण आणि धावपळ. एका वाचक ताईंना बायकांची वर्णनं खटकली, त्यांनी ते जरासुद्धा आडपडदा न ठेवता लिहिलंय, आणि मला त्यांचं म्हणणं रास्त वाटतं. तिसऱ्या एकाला हॅरी आणि त्याच्या लहान मुलीची पानं अख्ख्या मालिकेत सर्वांत हळवी वाटली. मलाही त्याच पानांसाठी हा भाग जवळचा आहे. निंदेची चिठ्ठी मी कधी काढलेली नाही, काढणारही नाही. ज्या गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, तिथल्या वाचकाला खोटी स्तुती वाचायला देऊन पुस्तक खपवावं, असं माझ्या मनातही येत नाही. आपली हरकत नसेल तर आपलं मतही तिथे लावू या. ‘पुढचा भाग हाताशी असल्याशिवाय सुरू करू नका’ एवढं एक वाक्य लिहिलंत, तरी पुढच्या माणसाला त्याचा उपयोग होईल.

वाचून झालेलं पुस्तक आम्ही कुणाकडूनच परत घेत नाही, कारण ते नवं म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही.

मात्र ‘बॅटल ग्राउंड’ आमच्या वाचनालयाच्या कपाटात आहे. वर्गणी न भरता घेऊन जा आणि सावकाश वाचा. एका रात्रीची लढाई आहे, आणि ‘पीस टॉक्स’मध्ये लोंबकळत राहिलेलं बरंचसं तिथे तडीस जातं. त्यात कुणाचं काय होतं हे इथे लिहीत नाही, कारण हे उत्तर अजून तिथवर न पोचलेले वाचकही पाहतील. त्यावर मात्र मला आपल्याशी समोरासमोर बोलायचं आहे. सोमवार सोडून रोज संध्याकाळी मी दुकानातच असतो.