अंथरुणातली शू आणि पाच वाजता बंद केलेले पाणी

गेल्या महिन्यात एकच संदेश माझ्याकडे तीन वाटांनी आला. माहेरच्या गटावर मामींनी पाठवला, मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या गटावर कोणी तरी टाकला आणि नंतर शेजारच्या काकूंनी काळजीपोटी तो मला वेगळा पाठवला. 'तीन वर्षांनंतरही अंथरूण ओले करणारे मूल आळशी किंवा लाडावलेले असते,' अशी त्याची सुरुवात आहे. पूर्वीच्या बायका बाळाला पायांवर बसवत, म्हणून त्यांची मुले वर्षाच्या आत कोरडी होत आणि डायपरने हे सगळे बिघडवले, असे कारण त्यात दिले आहे. उपाय चार आहेत: संध्याकाळी पाचनंतर पाणी बंद करावे, रात्री दर दोन तासांनी मुलाला उठवावे, काळे तीळ आणि गूळ खाऊ घालावा आणि सकाळी ओली चादर घरातल्या सर्वांसमोर मुलाकडूनच धुऊन घ्यावी. डॉक्टरांच्या गोळ्यांनी किडनी खराब होते, असा इशारा शेवटी जोडला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातले बहुतेक सगळे चुकीचे आहे आणि एक उपाय तर नागपूरच्या उन्हाळ्यात धोक्याचा आहे.

मूळ घोटाळा असा, की दिवसाची शू आणि रात्रीची शू ही एकच गोष्ट आहे, असे संदेशात गृहीत धरले आहे. दिवसा मूल जागे असते. पोटात दाटून आल्याचे ओळखणे, थोडा वेळ धरून ठेवणे, मोरीपर्यंत जाणे, चड्डी खाली करणे या गोष्टी ते शिकू शकते आणि आपण शिकवू शकतो. रात्री मात्र तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. झोपेत व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वाढून मूत्रपिंडांनी लघवी कमी तयार करावी, जी तयार होईल ती मूत्राशयात मावावी, आणि मावली नाहीच तर मूत्राशयाच्या इशाऱ्याने मेंदूने झोपेतून जागे व्हावे. यातली एकही गोष्ट मुलाच्या इच्छेवर चालत नाही. दुधाचे दात कधी पडतील हे जसे आपण ठरवत नाही, तसेच हे आहे.

त्यामुळे 'तीन वर्षे' ही मर्यादा कुठून आली, हे मला कळलेले नाही. पाच वर्षांच्या आत रात्री अंथरूण ओले होणे ही वैद्यकशास्त्रात तक्रारच धरली जात नाही. पाचव्या वर्षी साधारण १०० पैकी १५ मुलांचे अंथरूण ओले होते, दहाव्या वर्षी हे प्रमाण सुमारे ५ वर येते, आणि अशा मुलांपैकी दरवर्षी साधारण १५ टक्के मुले कोणत्याही उपचाराविना कोरडी होतात. मुलग्यांमध्ये हे मुलींपेक्षा अधिक आढळते. ४० मुलांच्या पहिलीच्या वर्गात अशी चार-पाच मुले सहज असतात. फक्त त्यांच्या आया एकमेकींना सांगत नाहीत. शिवाय हे घराण्यातून येते. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या जवळ जाते आणि दोघांनाही असेल तर ती तीन-चतुर्थांशाच्या आसपास असते. मुलाला आळशी ठरवण्याआधी त्याच्या आजीला एकांतात विचारावे. माझ्या वडिलांचीही हीच कथा होती, हे आत्याने मला माझ्या लग्नानंतर हसत हसत सांगितले. ते तिने वीस वर्षे आधी सांगितले असते तर बरे झाले असते.

पायांवर बसवण्याच्या पद्धतीत तथ्य आहे, हे मान्य केले पाहिजे. बाळाला दोन पायांवर धरून 'शू शू' असा आवाज केला, की काही दिवसांनी ते त्या आवाजाशी ती क्रिया जोडते, आणि आईलाही बाळाच्या वेळा कळू लागतात. दुपटी कमी भिजतात आणि डायपरचा खर्च वाचतो, म्हणून ज्यांना जमते त्यांनी जरूर करावे. पण त्याने रात्रीचे संप्रेरक लवकर वाढत नाही. पूर्वीची मुले वर्षात कोरडी होत ही आठवणही थोडी तपासून घ्यावी, कारण घराघरांत गादीवर रबरी कापड आणि त्यावर जुन्या लुगड्याची गोधडी कशासाठी घालत, हे त्याच आज्यांना विचारता येईल. दिवसाच्या सवयीची बहुतेक मुलांची तयारी दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान दिसते: दोन-दोन तास चड्डी कोरडी राहते, झाल्यावर का होईना मूल सांगते, मोठ्यांची नक्कल करावीशी वाटते. नर्सरीच्या प्रवेशासाठी त्याआधीच रागावून, बसवून ठेवून घाई केली, तर काही मुले शी धरून ठेवू लागतात. मग बद्धकोष्ठ होते, भरलेले मलाशय शेजारच्या मूत्राशयावर दाब देते आणि जी शू थांबवायची होती तीच वाढते. रात्रीच्या तक्रारीवर डॉक्टर आधी मुलाच्या शीबद्दल विचारतात, ते यामुळेच.

आता पाण्याचा मुद्दा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ सर्वांत तापत्या दिवसांत, रात्रीही भिंती गरम असतात, आणि मुलांना खेळायला खाली सोडायचे तर ऊन उतरल्यावरच, म्हणजे नेमके पाचनंतर. त्या वेळी घामाघूम होऊन आलेल्या मुलाला पाणी नाकारणे म्हणजे ऊन लागण्याला आमंत्रण देणे होय. त्याने शूही थांबत नाही, कारण दाट लघवी मूत्राशयाला डिवचते आणि पाणी कमी पडल्याने शी घट्ट होते. गंमत अशी, की यातल्या बहुतेक मुलांची खरी अडचण पाणी फार पिण्याची नसून उशिरा पिण्याची असते. शाळेतल्या स्वच्छतागृहात जावेसे वाटत नाही, म्हणून मूल दिवसभर पीतच नाही. बाटली भरलेली गेली तशीच घरी येते, आणि सगळी तहान संध्याकाळी भागवली जाते. म्हणून उपाय उलटा करायला हवा. दिवसाच्या पाण्यापैकी साधारण ४० टक्के सकाळी, ४० टक्के दुपारी आणि २० टक्के संध्याकाळी, असा हिशेब बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोपण्याआधीच्या तास-दोन तासांत कमी प्यावे, झोपताना शू करून यावी, आणि संध्याकाळचा चहा बंद करावा. आपल्याकडे चार वर्षांच्या पोराला टोस्ट बुडवायला अर्धा कप चहा देण्यात कोणालाच काही वाटत नाही, आणि संदेशात त्याचा उल्लेखही नाही.

दर दोन तासांनी उठवल्याने त्या रात्रीची चादर वाचते, एवढेच. मूल अर्धवट झोपेत उभे राहून शू करते, सकाळी त्याला काही आठवत नाही, आणि दोघांचीही झोप मोडते. शिकवणारी गोष्ट वेगळी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फाउंडलर या ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने चादर ओली होताच परिचारिकांना कळावे म्हणून अंथरुणाला घंटी जोडली, तर मुलेच हळूहळू कोरडी राहू लागली. १९३८ मध्ये मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ दांपत्याने त्याच तत्त्वावर उपचार मांडला. आजचा अलार्म चड्डीला लावतात. पहिल्या थेंबाला तो वाजतो आणि मेंदू इशारा ओळखायला शिकतो. दोन-तीन महिने नेटाने वापरला तर सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो, आणि सलग १४ रात्री कोरड्या गेल्यावर तो थांबवतात. सुरुवातीला मूल नव्हे, घरातले बाकी सगळे उठतात. एका खोलीत एका कूलरसमोर सहा जण झोपणाऱ्या घराने हा विचार आधी करावा.

तीळगूळ मुलांना आवडत असेल तर द्यावा. त्याचा शूशी संबंध नाही.

गोळ्यांबद्दलची भीती चुकीच्या जागी आहे. डेस्मोप्रेसिन ही त्याच रात्रीच्या संप्रेरकाची प्रयोगशाळेत बनवलेली आवृत्ती असून साधारण सहा वर्षांनंतर, डॉक्टरांच्या सल्ल्याने ती देतात. तिने किडनी निकामी होत नाही. खरा धोका असा, की गोळी घेऊन वर भरपूर पाणी प्यायले तर रक्तातले सोडियम घसरते. म्हणून गोळीच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाण्यावर बंधन असते. गोळी थांबली की त्रास परत येऊ शकतो, पण मामाच्या गावच्या लग्नापुरती ती फार उपयोगी पडते.

चादर सर्वांसमोर धुऊन घेण्याबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपत आणि मी नऊ वर्षांची होईपर्यंत माझी गादी सकाळी कठड्यावर वाळत पडे. तीन घरांच्या गच्च्यांवरून ती दिसे. मला लाज वाटत नव्हती म्हणून शू होत होती, असे ज्यांना वाटते त्यांनी त्या वयात कठड्याकडे पाठ करून दात घासलेले नाहीत. लाज जागेपणी वाटते. शू झोपेत होते. त्या लाजेने मी फक्त एक गोष्ट शिकले, ती म्हणजे सुट्टीत कोणाकडे राहायला जायचे नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात रोगराई आणि इडापिडा घेऊन जाण्यासाठी मारबतीचा पुतळा मिरवतात. त्या मारबतीसोबत 'घेऊन जा गे मारबत' म्हणून ओरडताना मी मनातल्या मनात तेवढे एकच मागत असे. ओली चादर मुलाने गुपचूप बादलीत टाकावी, नवी अंथरायला हात लावावा, हे ठीकच आहे. ते घरकाम झाले. प्रेक्षक जमवले की ती शिक्षा होते.

संदेशात नसलेली आणि खरोखर महत्त्वाची गोष्ट अशी. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, लघवी करताना आग होत असली, ताप असला, दिवसाही थेंब-थेंब गळत असले, धार बारीक असली किंवा मूल रात्री मोठ्याने घोरत असले, तर डॉक्टरांना दाखवावे. त्यातही खूप तहान लागून वजन घटत असेल तर त्याच दिवशी न्यावे, कारण लहान मुलांतला मधुमेह कधी कधी असाच पहिल्यांदा दिसतो. लघवीतली आणि रक्तातली साखर तपासायला फार वेळ लागत नाही. अशा मुलाचे पाणी पाच वाजता बंद करणे किती घातक ठरेल, हे मी मामींना फोन करून सांगितले, आणि त्यांनी तो संदेश गटावरून काढून टाकला.