यंदा कटऑफ किती?

आठवीच्या एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती) परीक्षेची अंतरिम उत्तरसूची जाहीर झाली, की धनकवडीतील आमच्या अनुदानित शाळेच्या फाटकाशी ‘सर, यंदा कटऑफ किती?’ हा एकच प्रश्न घेऊन पालक उभे राहतात आणि निकालापर्यंत हटत नाहीत. बौद्धिक आणि शालेय क्षमता चाचण्या प्रत्येकी 90 गुणांच्या असतात. पात्रतेसाठी 40 टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी 32 टक्के गुण लागतात. परंतु पात्र ठरणे म्हणजे वर्षाला 12,000 रुपये मिळणे नव्हे, हे किती वेळा सांगावे? निवड जिल्ह्याचा कोटा आणि प्रवर्ग यांनुसार गुणानुक्रमे होते. म्हणजे ज्या सीमारेषेची एवढी चौकशी चालते, ती निवडयादी तयार होईपर्यंत अस्तित्वातच नसते. तरीही एखादा क्लासवाला (जिल्ह्यातून किती मुले बसली, हेही ज्याला ठाऊक नसते) छातीठोकपणे आकडा सांगतो आणि त्याहून दोन गुण कमी असलेला मुलगा घरी जेवणावरून उठतो. वर त्याची आई मलाच विचारते, ‘मागच्या वर्षीच्या आकड्यात चार मिळवून धरू का?’ पेपर वेगळा, मुले वेगळी. मिळवायचे तरी कशात?